जुनं घड्याळ ऑनलाइन घेताना: चार फोटोंत काय दिसतं आणि काय लपतं

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने विचारलंय: "काका, माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांच्या हातात काळ्या डायलचं एचएमटी पायलट असायचं. घर बदलताना ते कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. तसंच एक ऑनलाइन ३,८०० रुपयांना दिसतंय. 'शंभर टक्के ओरिजिनल, सर्व्हिस्ड, मिंट कंडिशन' असं लिहिलंय आणि चार फोटो आहेत. त्याच माणसाकडे एक ओमेगा पण आहे, १४,००० ला. घेऊ का? काय बघून घेऊ?"

काका म्हणालात, तर आधी काकासारखंच सांगतो. घर पुन्हा एकदा शोधा. गोदरेजच्या कपाटाचा चोरकप्पा, देवघराखालचा ड्रॉवर, आजीची बटणांची डबी. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी कितीतरी घड्याळं आधी 'हरवलेली' असतात आणि अशाच डबीत सापडतात, बहुतेक वेळा कुणाच्या तरी दिवसांच्या आवराआवरीत.

नाहीच सापडलं, तर पुढचं वाचा.

तुम्ही पाठवलेले चारही फोटो मी मोठे करून बघितले. तीन समोरून काढलेत आणि एक मखमलीच्या उशीवर, तिरका. मागच्या झाकणाचा एकही नाही, मशीनचा तर नाहीच. म्हणजे ज्याचे पैसे मोजायचे ती वस्तू तुम्हाला अजून कुणी दाखवलेलीच नाही. तरी या चार फोटोंतूनही थोडं कळतं. पट्टा जिथे अडकतो ते केसचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचे, चार कान बघा. कडांवरचं क्रोमियम उडालंय आणि खालचं पितळ पिवळं डोकावतंय. ते ठीक आहे, चाळीस वर्षं घामात राहिलेल्या केसचं असंच होतं. पण त्याच केसमधली डायल बघा. काळी कुळकुळीत, एक डाग नाही, कडेला कुठे फिकट नाही, ठिपके पांढरेशुभ्र. केस म्हातारी आणि डायल काल जन्मलेली.

जुन्या घड्याळात मी हेच शोधतो, की सगळे भाग एकत्र म्हातारे झालेत का. केस, डायल, काटे, बाजूची फिरवायची किल्ली, मशीन या सगळ्यांनी एकाच मनगटावर, एकाच उन्हात वर्षं काढली असतील तर ती एकमेकांना शोभतात. एखादाच भाग वेगळ्या वयाचा दिसला की तो कुठून आला ते विचारायचं. बदललेला भाग म्हणजे फसवणूकच असं नाही. काच आणि किल्ली तर बदलायच्याच वस्तू आहेत. पण बदललंय हे विक्रेत्याने सांगायला हवं आणि किमतीत दिसायला हवं.

डायल

इथे एक कबुली देतो. या रंगवलेल्या डायलींच्या पापात माझाही हात आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक घड्याळ सर्व्हिसिंगला द्यायचं आणि वर म्हणायचं, "मालक, डायल पण नवी करून द्या की." मग डायल काढायची, कागदात गुंडाळायची आणि मुंबईला रंगवायला पाठवायची. आठ-दहा दिवसांत ती चकचकीत होऊन परत यायची आणि गिऱ्हाईक खूश. तेव्हा त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं, भांड्याला कल्हई करावी तसं ते काम होतं. आज त्याच डायली 'ओरिजिनल' म्हणून विकल्या जातात, पंचाईत ती आहे. आता तर एचएमटी आणि सेको ५ च्या जुन्या मशीन घेऊन त्यांवर नारिंगी, पोपटी, विमानांच्या आणि झेंड्यांच्या चित्रांच्या डायली बसवायचा धंदाच आहे. संग्रह करणारे त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कारखान्याने कधी काढलीच नाहीत अशी ती मॉडेलं असतात.

रंगवलेली डायल ओळखायला भिंग लागतं. ऑनलाइन घेताना भिंगाचं काम फोटो करतो, म्हणून डायलचा जवळून काढलेला, काचेवर उजेडाची तिरीप नसलेला फोटो मागा. त्यात सगळ्यात बारीक अक्षरं बघा. एचएमटीच्या पुष्कळ डायलींवर खाली 'पॅराशॉक' असं इंग्रजीत बारीक छापलेलं असतं. धक्क्यापासून बचावाची ती जपानच्या सिटिझन कंपनीची पद्धत, एचएमटीकडे त्यांच्याकडूनच आली. कारखान्याच्या छपाईत त्या अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि शाई किंचित उठून दिसते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं पसरतात, 'ओ'चं पोट भरून जातं, दोन अक्षरांतलं अंतर कमीजास्त होतं. दुसरं, मिनिटांच्या रेघा मोजा. रेघ आणि तासाचा ठिपका एका ओळीत येतात का? सहाच्या खाली छापलेली ओळ केसच्या कडेखाली अर्धी कापली जाते का? आणि तिसरं, डायलच्या कडेला नवा ओरखडा किंवा रंगाचा ओघळ आहे का? तुमच्या पायलटच्या फोटोत नऊच्या ठिपक्याशी रेघ चुकलीय. मला तेवढं पुरे आहे, पण तुम्ही मोठा फोटो मागून स्वतः बघा.

काट्यांचं साधं माप असतं. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे आणि तासकाटा तासाच्या खुणेच्या आतल्या टोकाशी थांबला पाहिजे. आखूड काटा दिसला की तो दुसऱ्या घड्याळाचा समजा. काट्यावरचा अंधारात चमकणारा मसाला आणि डायलवरच्या ठिपक्यांचा मसाला एकाच रंगाचे हवेत. तुमच्या फोटोत काटे पिवळट आहेत आणि ठिपके पांढरे. काटे जुने, डायल नवी. हिशेब जुळतो.

या मसाल्याला आपल्याकडे सरसकट रेडियम म्हणतात. पण साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक स्विस घड्याळांत ते खरोखरच रेडियम असायचं. त्याचं आयुष्य अर्ध्यावर यायला १,६०० वर्षं लागतात, पण त्याच्या सोबतचं झिंक सल्फाइड काही वर्षांतच थकतं. म्हणून असं घड्याळ अंधारात चमकत नाही, किरण मात्र सोडत राहतं. पुढे ट्रिटियम आलं, त्याचं आयुष्य साडेबारा वर्षांच्या आतच निम्मं होतं. सहाच्या आकड्याखाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असेल तर ते ट्रिटियम. आता तुम्हीच ठरवा, १९६० चं घड्याळ रात्री टॉर्चसारखं हिरवं चमकत असेल तर तो मसाला कधीचा? अशा जुन्या डायली घरी उघडू नका आणि तो मसाला नखाने कोरू तर मुळीच नका. पोटात गेलेली ती धूळ शरीराबाहेर काढायचा सोपा उपाय नाही.

केस आणि झाकण

इथे फार वेळ घालवत नाही. कानांच्या कडा तीक्ष्ण हव्यात. वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखे कान दिसले तर केस बफिंगवर घासघासून पातळ केलीय. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' एवढंच लिहिलं असेल तर फक्त झाकण स्टीलचं, बाकी केस पितळेची आणि वर मुलामा. सोन्याच्या नावाखाली विकत असतील तर 'मायक्रॉन' हा शब्द शोधा. मायक्रॉन लिहिलंय म्हणजे मुलामा आहे, किती जाड ते तेवढं सांगितलंय. भरीव सोन्यावर १८ कॅरेट किंवा ०.७५० असा शिक्का असतो.

झाकणावर नाव आणि तारीख कोरलेली असेल तर काही लोक नाक मुरडतात. मला ती आवडते. सोलापुरात लग्नात जावयाला, मिलमधून किंवा रेल्वेतून निवृत्त होताना 'सप्रेम भेट' म्हणून घड्याळ द्यायची पद्धत होती. कोरलेलं साल आणि मॉडेल जुळत असेल तर तो फुकटात मिळालेला पुरावा. जाहिरातीतलं साल मात्र तपासून घ्या. एचएमटी कंपनी १९५३ ची, पण तिची घड्याळं सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. 'आजोबांचं १९५५ चं एचएमटी' असं लिहिणारा खोटं बोलतोय किंवा त्याला काही माहीत नाही. दोन्ही कारणांसाठी त्याच्याकडून घेऊ नये.

'न वापरलेला जुना स्टॉक' हाही असाच एक शब्द. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि त्यानंतर या स्टॉकला पीकच आलं. खरंच न वापरलेलं असेल तर कानांच्या आतल्या बाजूला, जिथे पट्ट्याची पिन बसते, तिथे ओरखडा नसतो. झाकणाच्या खाचेवर हत्याराची खूण नसते. या दोन जागांचे फोटो मागितले की बरेचसे 'न वापरलेले' एका मिनिटात वापरलेले होतात.

मशीन

आता खरं घड्याळ.

विक्रेत्याला सांगा, झाकण उघडून मशीनचा फोटो पाठव. "उघडायचं हत्यार नाही" म्हणाला तर विचारा, मग सर्व्हिसिंग कशी केली? या एका प्रश्नावर किती जणांचा मेसेज यायचा बंद होतो ते बघाच.

फोटो आला की पहिल्यांदा नाव. पायलट आणि जनतामध्ये बहुतेक ०२३१ ही सतरा ज्वेलची, म्हणजे झीज कमी करणाऱ्या सतरा बारीक खड्यांची, हाताने किल्ली द्यायची मशीन असते, सिटिझनच्या घराण्यातली. ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, एचएमटीचं नाव आणि ज्वेलचा आकडा हवा. मग रंग बघा. सगळे ब्रिज एकाच झाकेचे हवेत. एक पांढराफटक आणि शेजारचा पिवळसर असेल तर दोन घड्याळांची खिचडी केलीय.

मग स्क्रू. मी घड्याळ उघडल्यावर सर्वात आधी स्क्रूंकडेच बघतो. प्रत्येकाच्या डोक्यावरची चीर बघायची. चीर सरळ आणि कडा शाबूत असतील तर आधीच्या कारागिराने नीट घासलेला, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरला. चिरा फाटलेल्या, कडा चेचलेल्या, शेजारी ब्रिजवर घसरल्याचे ओरखडे असतील तर त्या हाताने आत आणखी काय काय केलं असेल याचा अंदाज बांधा. एखादा स्क्रू गायब असेल तर उरलेल्या मशीनबद्दल चांगलं काही समजू नका.

त्यानंतर गंज. तो शोधायचा किल्लीच्या बाजूला, जिथून किल्लीची दांडी आत जाते. पाणी आणि घाम आत शिरतात ते तिथूनच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि मनगटाखाली घामाचं तळं होतं. त्यात किल्लीचं वॉशर कडक झालेलं असलं की झालं. दांडीच्या तोंडाशी तांबूस ठिपका दिसला तर एकवेळ चालेल, ती दांडी बदलता येते. पण किल्लीच्या गिअरच्या दात्यांवर किंवा बॅलन्सजवळ, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ सांभाळणाऱ्या चाकाजवळ, गंज असेल तर सोडून द्या.

शेवटी बॅलन्स व्हील आणि त्यावरची केसासारखी हेअरस्प्रिंग. तिची वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर, एका पातळीत हवीत. एका बाजूला दाटलेली, एका बाजूला सुटलेली असतील तर ती वाकलीय किंवा तिला तेल लागलंय. तेल धुता येतं. वाकलेली सरळ करणारे हात आता सोलापुरात फार उरलेले नाहीत, आणि माझे पूर्वीसारखे स्थिर नाहीत.

एक आठवण सांगतो, म्हणजे मशीनच्या फोटोसाठी मी एवढा हट्ट का करतो ते कळेल. मागच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास पूर्व भागातला एक मुलगा आला. ऑनलाइन घेतलेलं फेवर-ल्युबा सी-किंग, साडेसहा हजारांचं. तक्रार एवढीच, की हात हलवला की आत खुळखुळतं. झाकण उघडलं. बाहेर सी-किंगची केस, सी-किंगची डायल आणि आत कुठल्या तरी स्वस्त घड्याळाची, मापाने लहान मशीन. मशीन आणि केस यांच्यामध्ये जी फट उरली होती तिच्यात कागदाची घडी कोंबलेली. चिमट्याने ओढून काढली तर बिडीच्या बंडलाचं लेबल, त्यावर अर्धं छापील चित्र. त्याची आई बिड्या वळते. लेबलाकडे बघून तो हसला, मग एकदम गप्प झाला. विक्रेत्याने फोटो सुंदर काढले होते, मशीनचा एकही नव्हता आणि याने मागितला नव्हता.

फसायला तरुणच असावं लागतं असं नाही. मी स्वतः एक वेस्ट एंड असंच घेऊन बसलोय. १८८६ साली मुंबईत सुरू झालेली ती कंपनी, माझ्या वडिलांचा जीव तिच्यावर, म्हणून मला राहवलं नाही. फोटो पिवळ्या बल्बखाली काढले होते. पिवळ्या उजेडात गंज दिसत नाही, सगळंच सोनेरी दिसतं. चाळीस वर्षं या धंद्यात काढून मला हे कळायला हवं होतं. फोटो दिवसा, खिडकीशी काढून मागा.

'सर्व्हिस्ड' म्हणजे काय

आमच्या धंद्यात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मशीन पूर्ण सुटी करायची, प्रत्येक भाग धुवायचा, गरज असेल तर मेन स्प्रिंग, म्हणजे किल्ली दिल्यावर ताणली जाऊन मशीन चालवणारी स्प्रिंग, बदलायची, प्रत्येक जागी तिथलं तेल तेवढंच द्यायचं, जोडायची आणि दोन दिवस चालवून बघायची. दुसरा अर्थ, मशीन न खोलता पेट्रोलच्या वाटीत बुडवायची, रबरी फुग्याने वारा मारायचा, वरून तेलाचा थेंब सोडायचा. पेट्रोलात न्हालेलं घड्याळ लगेच टिकटिकायला लागतं, महिना-दोन महिने छान चालतं आणि मग बसतं. तोवर विक्रेत्याने नंबर बदललेला असतो. म्हणून नुसतं 'सर्व्हिस्ड' वाचून पैसे वाढवू नका. कधी केली, कुणी केली, मेन स्प्रिंग बदलली का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर सर्व्हिसिंग झालीच नाही असं धरून माझ्यासारख्याचे आठशे-हजार रुपये किमतीत मिळवा आणि मग परवडतंय का बघा.

मशीनची तब्येत बघायला टाइमग्राफर असतो. घड्याळाची टिकटिक ऐकून तो तीन आकडे देतो. आजकाल विक्रेते त्याचा फोटो टाकतात, पण बघणाऱ्याला फक्त पहिला आकडा कळतो, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. तो आकडा तर मशीनमधली वेग कमीजास्त करायची एक काडी हलवून कुणीही सुंदर करू शकतो. मला दुसऱ्या आकड्यात रस असतो. बॅलन्स किती अंश झोका घेतो त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. पूर्ण किल्ली देऊन घड्याळ पालथं-उताणं ठेवलं असताना २५० ते ३०० अंश आले तर मशीन ठणठणीत. २०० च्या खाली गेलं तर तेल सुकलंय किंवा कुठेतरी झीज आहे. तिसरा आकडा बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, तो एक मिलिसेकंदाच्या आत असावा. आणि एकाच स्थितीतला फोटो घेऊ नका. डायल वर, डायल खाली आणि किल्ली खाली असे तीन मागा. उताण्या स्थितीत छान चालणारं घड्याळ उभं धरलं की धापा टाकतं, आणि मनगटावर ते बहुतेक वेळ उभंच असतं.

विक्रेत्याकडे टाइमग्राफर नसेल तर व्हिडिओ मागा. शांत खोलीत, मोबाइल घड्याळाजवळ धरून, मिनिटभराचा. पायलटची मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. ठोके सारखे पडतायत की लंगडतायत, ते कानाला कळतं. त्याच व्हिडिओत किल्ली ओढून काटे पुढे फिरवायला सांगा आणि शेजारी एका कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्याचे फोटो चोरून टाकणारा इथेच गळतो. एखादं घड्याळ दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळत असेल तर लगेच घाबरू नका. पुष्कळदा ते मोबाइलच्या किंवा स्पीकरच्या लोहचुंबकाने धरलेलं असतं. ते काढायला माझ्याकडे दोन मिनिटं लागतात. विक्रेत्याला माहीत नसेल तर भाव करायला मुद्दा मिळाला.

ओमेगा आणि इतर

१४,००० च्या ओमेगाबद्दल थोडक्यात. पन्नास-साठच्या दशकातल्या ओमेगाच्या मशीनला तांबूस झाक असते. ब्रिजवर ओमेगाचं नाव, कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, आकडा आणि सिरियल नंबर असतो. मूळची प्लास्टिकची काच असेल तर तिच्या बरोबर मध्यभागी ओमेगाची खूण कोरलेली असते, इतकी बारीक की डोळ्याला आयग्लास, म्हणजे आमचं भिंग, लावून, घड्याळ तिरकं करून शोधावी लागते. काच बदललेली असेल तर खूण नसेल, त्याला हरकत नाही. मशीनवर नाव नसेल तर मात्र तिथेच थांबा. आपल्याकडे साध्या स्विस मशीनवर ओमेगाची डायल चढवलेली घड्याळं ढिगाने फिरतात. डायलवर 'ऑटोमॅटिक' आणि आत हात हलला की आपोआप किल्ली देणारा रोटरच नाही, असंही मी दोनदा बघितलंय. मशीनचा फोटो न बघता १४,००० देणं म्हणजे पाकीट फेकणं.

तुम्हाला पहिल्यांदाच घ्यायचंय, तर एक बाजूचा सल्ला. जुन्या सेको ५ वर हात साफ करा, कारण सेको स्वतःच सगळं लिहून ठेवते. झाकणावर चार आकडे, एक रेघ आणि पुन्हा चार खुणा असतात. पहिले चार मशीनचे, पुढचे केसचे. झाकणावर ६३०९ असेल तर आतल्या मशीनवरही ६३०९ हवं आणि डायलच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात छापलेला नंबरही ६३०९ ने सुरू व्हायला हवा. सिरियलचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला इंग्रजी एन, डिसेंबरला डी. पहिला आकडा ३ असेल तर १९७३ की १९८३? ६३०९ ही मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली, म्हणून १९८३. तीन नंबर जुळले की भाग एकत्र म्हातारे झाल्याचा छापील दाखलाच मिळाला.

पैसे आणि माणूस

"अजून दोन गिऱ्हाइकं थांबलीत, पाचशे टोकन टाका" असा मेसेज आला की घड्याळ विसरा. तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत आहेत का, ते इमेज सर्चवर टाकून बघा. परत घेण्याची सोय आहे अशाच ठिकाणाहून घ्या, आणि पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून घड्याळ मनगटावर येईपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर कराल तितकी ते पैसे अडवण्याची शक्यता कमी.

विक्रेता पुण्याचा असेल तर या सगळ्यापेक्षा सोपा उपाय आहे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, घड्याळ हातात घेऊन बघा, संध्याकाळच्या हुतात्माने परत या. तिकिटाचे पैसे वसूल होतात. विक्रेता भेटायलाच नको म्हणाला, तर घड्याळही तुम्हाला नको.

आता तुमच्या पायलटचा भाव. डायल रंगवलेली आहे हे धरून चालू. मशीनचा फोटो स्वच्छ आला, स्क्रू शाबूत असले, किल्लीपाशी गंज नसला, तर मी त्याला १,८०० देईन, फार तर २,०००. डायल मूळची असती, डाग पडलेली का असेना, तर ३,८०० ला मी तुम्हाला अडवलं नसतं. आणि डागाला घाबरू नका. तुमच्या आजोबांच्या घड्याळाची डायलही आज डागाळलेलीच असती.

लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल चालू होत्या तेव्हा आमच्या दुकानात भोंगा झाला की वडील हातातलं काम थांबवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग दुरुस्त झालेली सगळी घड्याळं लावून घ्यायचे. मिलवाल्याचं घड्याळ उघडायच्या आधीच ओळखू यायचं. झाकण काढलं की गिअरच्या दात्यांत कापसाचे तंतू गुंतलेले असायचे, किल्लीच्या फटीतून गेलेले. वडील ते चिमट्याने काढून अंगठ्यावर ठेवायचे आणि कुठल्या खात्यातला माणूस ते सांगायचे. बरोबर असायचं की नाही देव जाणे, पण गिऱ्हाईक हो म्हणायचं.

म्हणून ती बटणांची डबी खरंच एकदा बघा. आणि हे ऑनलाइनचंच घेतलंत, तर पट्टा काढून आणा. पट्टा तसाच ठेवून झाकण उघडायला मला अवघड जातं. गुरुवारी दुकान बंद असतं.